निको कुठे निघाला होता?

निको सापडल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये माती चाळत होतो. वाळलेली माती बारीक चाळणीतून काढायची आणि वर राहिलेले खडे वेगळे ठेवायचे, असं डोकं न लागणारं काम. ते मी मुद्दाम मागून घेतलं होतं, कारण तो बेपत्ता होऊन तिसरा दिवस उजाडला होता आणि हातांना काहीतरी हवं होतं. फोनवर पोलिसांतली डिटेक्टिव्ह बाई होती. दोन दिवसांत तिचा आवाज ओळखीचा झाला होता. "बसलायस का?" असं तिने विचारलं. मी उभा होतो, तरी हो म्हणालो. मग तिने सांगितलं. गावाच्या दक्षिणेला जो डोंगर आहे, त्याच्या मागच्या उतारावर, पायवाटेपासून बरंच खाली, फिरायला आलेल्या एका बाईच्या कुत्र्याला तो सापडला होता. आम्ही सगळे दोन दिवस उत्तरेला, तळ्याच्या काठाने त्याला हाका मारत हिंडत होतो ... मी फोन ठेवला आणि चाळणीत उरलेली माती चाळून संपवली. का संपवली, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी काहींनी बातमी वाचली असेल. आमच्या नागपूरच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, युरोपातल्या तरुण राजपुत्राचा अमेरिकेत गूढ मृत्यू, भारतीय रूममेटची चौकशी. तो भारतीय रूममेट मी. निकोच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे त्याच्या मरणावरून लोक अजून एकमेकांच्या उरावर बसलेत. सरकार म्हणतं अपघात. राजघराण्याचे चाहते म्हणतात घातपात. राजघराण्याचे वैरी म्हणतात त्याने स्वतःच जीव दिला, आणि हे शेवटचं खरं धरलं तर तिथलं चर्च त्याला पूर्वजांच्या शेजारी जागा देणार नाही. इथल्या डॉक्टरांनी अहवालात अपघात, घातपात की आत्महत्या या रकान्यापुढे 'अनिर्णित' एवढंच लिहिलं. हे सगळं मिटवायला प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती. त्या दुपारी निको कुठे निघाला होता? आणि त्याला घरातून बाहेर पडताना पाहणारा शेवटचा माणूस मी होतो.

तो आमच्याकडे आला तो जाहिरात वाचून. स्टेट कॉलेज या आमच्या गावात तीन खोल्यांचं अपार्टमेंट दोघांत परवडत नाही, म्हणून अनिकेतने, म्हणजे माझ्या पुण्याच्या रूममेटने, विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की तिसरी खोली रिकामी आहे, माणूस शांत हवा, स्वयंपाकाच्या वासाची तक्रार करणारा नको. निकोचं दोन ओळींचं उत्तर आलं. तो शांत होता आणि त्याला वास आवडायचे. माझ्याच विभागात, मृदाशास्त्रात, तो नव्याने पीएचडीला लागला होता. पहिले दोन महिने आमच्या लेखी तो कुठल्याशा देशातला एक उंच, फिकट पोरगा होता. कपडे धुवायच्या मशीनशी त्याची झटापट चालायची आणि भांडी मात्र तो अशी घासायचा की माझ्या आईने त्याला दत्तक घेतलं असतं. एक खोड होती. खोलीत कुणीही आलं की तो उठून उभा राहायचा, आणि ते माणूस बसेपर्यंत बसायचा नाही. अनिकेत दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करणारा, त्यामुळे निकोच्या उठाबशा चालूच असायच्या.

मग एके दिवशी त्याचं पार्सल आलं. अपार्टमेंटच्या ऑफिसातली बाई ते आमच्या दारापर्यंत स्वतः घेऊन आली, कारण तिला त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं होतं. नावाला सात-आठ तुकडे होते आणि सर्वांच्या आधी 'हिज रॉयल हायनेस' होतं. निको लाजून लाल झाला. पार्सल त्याच्या आत्याकडून होतं आणि आत लोकरीचे मोजे होते. बाई गेल्यावर अनिकेत सोफ्यावर आडवा पडून हसला. "यार सुगत, आपण राजपुत्राकडून बाथरूम क्लीन करून घेतो!" मी निकोला नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण समजावून सांगितली. त्याला ती फार पसंत पडली. आजोबा राजे होते, एका पहाटे त्यांना देश सोडावा लागला, तेव्हापासून घराणं तीन देशांत भाड्याच्या घरांतून राहत आलं, हे त्याने आम्हाला डाळीला फोडणी देता देता सांगितलं. ज्या देशाचा तो राजपुत्र होता तिथे त्याने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. "जमीन गेली म्हणून माती शिकतोस का रे?" असं मी त्याला विचारलं. चेष्टाच होती. त्याने चमचा खाली ठेवला, खरोखर विचार केला, आणि म्हणाला, "असेल. पण हे माझ्या आईला सांगू नकोस."

आता जरा माझ्या घरचं सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. आम्ही नागपूरचे, बाबासाहेबांच्या मागून बुद्धांकडे गेलेल्यांपैकी. बाबांनी आमच्या घरातून शकुन-अपशकुन झाडून काढले होते. मांजर आडवं गेलं की ते मुद्दाम त्याच वाटेने जायचे, दाराला लिंबू नाही, शनिवार-अमावास्या नाही. पण एक गोष्ट आईच्या जिभेवरून गेली नाही. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे चाललास' असं विचारायचं नाही. विचारलं की काम होत नाही, कदाचित त्याहून वाईटही होतं. बाबा प्रमोशनच्या परीक्षेला निघाले होते तेव्हा मी, सात वर्षांचा, दारात ओरडलो होतो, "बाबा, कुठे?" आईने असा चिमटा काढला की दंडावर दोन दिवस निळं होतं. बाबा हसले, वळून मला पूर्ण पत्ता सांगितला, आणि नापास होऊन आले. परीक्षेचा आणि माझ्या प्रश्नाचा काही संबंध नव्हता, हे बाबांनी मला वहीवर आकृत्या काढून समजावलं. मला समजलंही. पण तेव्हापासून दाराकडे जाणारं माणूस दिसलं की माझं तोंड आपोआप मिटतं. माझा यावर विश्वास नाही. सवय आहे फक्त, आणि सवयीला विश्वास लागत नाही.

तो रविवार होता. बर्फ वितळायला लागलं होतं आणि ऊन दिसायला छान, अंगाला खोटं. अनिकेत मित्रांकडे गेला होता. मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन एका तक्त्यातल्या चुका शोधत होतो. निको त्याच्या खोलीतून आला, तपकिरी बूट घातले, पातळ हिरवं जॅकेट घातलं. "बाहेर थंडी आहे का?" त्याने विचारलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "आहे." तो म्हणाला, "चालेल." हा शब्द त्याने आमच्याकडून उचलला होता आणि तो फार नेमका वापरायचा. मग तो दाराशी गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थांबला, असं मला आठवतं. की थांबला नव्हताच? मी तो क्षण इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिला आहे की आता त्यावर माझाच भरवसा उरलेला नाही. एवढं मात्र पक्कं की प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पातळ जॅकेट पाहूनच आला होता. आणि मी तो गिळला. दार लागलं, मी पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

संध्याकाळी तो आला नाही तेव्हा आम्ही त्याच्या वाटचा भात झाकून ठेवला. लॅबमध्ये असेल, असं अनिकेत म्हणाला, मीही तेच म्हणालो. सकाळी भात तसाच होता. फोन बंद लागत होता. विभागात कुणी पाहिलं नव्हतं. मग मात्र माझ्या पाचावर धारण बसली. पोलीस आले तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच तोच होता. तो तळ्यावर पक्षी बघायला जायचा म्हणून अनिकेतने तळं सांगितलं, मीही मान डोलावली, आणि सगळा शोध उत्तरेला वळला. डिटेक्टिव्ह बाई मला बाजूला घेऊन बसली. रविवारची दुपार, तुम्ही दोघेच घरात, तो निघाला, आणि तू त्याला कुठे जातोस असं विचारलं नाहीस? नाही विचारलं. तुमचं भांडण झालं होतं? नाही. मग? मी तिला चिमट्याची गोष्ट सांगितली. माझ्या इंग्रजीत ती आणखीच मूर्खपणाची वाटली. तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तू पीएचडी करतोस ना?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच कळत नव्हतं. पण माझ्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ... पासपोर्ट आणि युनिव्हर्सिटीची कागदपत्रं मी पाठपिशवीत घेऊन फिरत होतो, कोण कधी मागेल म्हणून. दारावर थाप पडली की माझा हात आधी त्या पिशवीकडे जायचा. निकोच्या देशातले पत्रकार कुठून नंबर मिळवत होते कोण जाणे. एकाने मला सरळ विचारलं की राजपुत्राला भेटायला त्या आठवड्यात कोण अनोळखी माणूस आलं होतं, आणि मी कुणीच नाही म्हटल्यावर म्हणाला, "तुला नाही म्हणायला सांगितलं आहे का?" त्यानंतर मलाच शंका यायला लागली. आलं असेल का कुणी? तो गेले काही दिवस गप्प होता का, की नेहमीसारखाच होता? मोज्यांचं पार्सल आलं तेव्हा त्याने आत्याला फोन केला होता की केला नव्हता? आणि मग डॉक्टरांचा अहवाल आला. पडल्यामुळे पाय मोडला होता, डोक्याला मार होता, पण जीव थंडीने गेला होता. पडल्यानंतर तो काही तास जिवंत असावा, कदाचित दुसऱ्या सकाळपर्यंत. हे वाक्य मी बाथरूममध्ये उभा राहून फोनवर वाचलं. आम्ही भात झाकून ठेवला तेव्हा तो जिवंत होता. मी दारात एक शब्द विचारला असता, आणि त्याने डोंगर म्हटलं असतं, तर ... हे 'तर' अजून माझ्या छातीवर बसून आहे.

त्याच सुमारास निकोच्या घराण्याच्या वकिलांचा फोन आला. म्हातारा, मऊ आवाजाचा माणूस. निकोची आई येणार होती, तिला तो राहायचा ती खोली पाहायची होती. ते बराच वेळ हवेबद्दल आणि माझ्या अभ्यासाबद्दल बोलले. मग म्हणाले की धक्क्यात माणसाला गोष्टी उशिरा आठवतात. निघताना त्याने काही म्हटलं असेल. जरा पाय मोकळे करून येतो, किंवा जेवायला येतो, असं साधंसं. तसं काही आठवलं आणि मी ते लिहून दिलं, तर त्याच्या आईला शांत झोप लागेल आणि चर्चचा प्रश्नही आपोआप सुटेल. ते ताकाला जाऊन भांडं लपवत होते, पण मला त्यांचा राग आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. एक वाक्य, तेही निरुपद्रवी, आणि कदाचित खरंही. निको जेवायला येणारच होता असं मला मनापासून वाटतं. अनिकेत म्हणाला, "सांगून टाक यार. कोणाचं काय बिघडतंय? सगळ्यांचंच भलं होईल." मी कागदावर वाक्य लिहूनसुद्धा पाहिलं.

बाबांना फोन केला तेव्हा मी फक्त घाबरलोय एवढंच म्हणालो होतो, पण त्यांनी सगळं काढून घेतलं.  मग म्हणाले, "नाही विचारलं तर नाही विचारलं म्हणावं. तू काहून घाबरून राहिला? त्या माउलीच्या हातात पोराबद्दल आता एवढंच उरलंय, जे खरं आहे ते. त्यात तू भेसळ करून राहिला का बे?" मागून आईचा आवाज आला, ती रडत होती. म्हणत होती की माझ्यामुळेच झालं, मीच त्याला शिकवलं ते. बाबा तिला गप्प करायला गेले आणि फोन तसाच चालू राहिला. मी बराच वेळ त्यांचं स्वयंपाकघर ऐकत बसलो.

ती आली ती एका गुरुवारी दुपारी. तिला काय म्हणून हाक मारायची, याची वकिलांनी आम्हाला आधी ईमेल पाठवली होती, पण दारात ती दिसल्याबरोबर अनिकेतच्या तोंडून "आंटी, पाणी?" असं निघून गेलं. तिने घेतलं. काळा कोट, साधे बूट, निकोसारखीच उंच. आमच्या सोफ्यावर ती अगदी कडेला बसली आणि तिने मला समोर बसायला सांगितलं. तिच्याबरोबर आलेले वकीलसाहेब खिडकीशी उभे राहिले. "तो कुठे निघाला होता?" तिने विचारलं. बाकी काहीच विचारलं नाही. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर तयार होतं. वकीलसाहेब माझ्याकडे पाहत होते, आणि मला माहीत होतं की ते वाक्य उच्चारलं की खोलीतले सगळे श्वास सोडतील. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याला विचारलं नाही." मग मी का ते सांगितलं. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून विचारत नाहीत, माझा त्यावर विश्वास नाही, तरी मी विचारलं नाही, विचारलं असतं तर आम्ही योग्य बाजूला शोधलं असतं, तर तो कदाचित ... ते वाक्य माझ्याच्याने पुरं झालं नाही. वकीलसाहेबांनी खिडकीबाहेर मान वळवली.

तिने ग्लास टेबलावर ठेवला. मग सावकाश, शब्द शोधत बोलली. "तो चार वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्यामागे एक माणूस असायचा. तो वहीत लिहायचा, किती वाजता निघाला, कुठे गेला. पुढे तो माणूस ठेवणं जमेना, तेव्हा ते काम मी घेतलं. रोजचा फोन, आणि पहिला प्रश्न तोच. तो काहीतरी सांगायचा. त्यातलं खरं किती असायचं, मला कधी कळलं नाही." ती थांबली. "इथे आल्यावर एकदा म्हणाला, आई, इथे एक मुलगा आहे, मी दाराकडे गेलो की तो मान खाली घालतो आणि काही विचारत नाही. मला दार उघडताना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला तुझा राग आला होता तेव्हा. अजून आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, लोक विचारतात. दोन्ही वाटलं, आणि एकाने दुसरं कमी झालं नाही. मी सवयीने गप्प बसायचो, आणि तो ते मोकळीक म्हणून घ्यायचा. त्याला मी काही दिलं होतं याचा मला पत्ता नव्हता, आणि जे दिलं त्यानेच त्याला शोधायची वाट बंद केली. ती त्याच्या खोलीत एकटी गेली आणि तिने दार लावून घेतलं. आम्ही तिघे बाहेर उभे होतो, कुणालाच बसवेना. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. मी खरं तेच लिहून दिलं. त्याने ते चर्चचं दार उघडणार नव्हतं, हे तिला आणि मला, दोघांना कळत होतं. तिने तो कागद वाचला, त्याची घडी केली आणि तो स्वतःच्या पिशवीत ठेवला, वकिलांकडे दिला नाही.

वकीलसाहेब पुढे होऊन गाडीकडे गेले. ती दारात कोटाची बटणं लावत होती. माझा दंड, खरं सांगतो, आपोआप आखडला. तरी मी विचारलं, "आता कुठे जाणार तुम्ही?" ती वळली. जणू किती दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, तशी ती सांगत गेली. आधी हॉटेल. उद्या विमान, त्याला घेऊन. ज्या शहरात ते भाड्याने राहतात तिथल्या एका लहान चर्चच्या तळघरात त्याला ठेवायचं, परवानगी येईपर्यंत. आली तर त्याला त्याच्या देशात न्यायचं, पूर्वजांच्या शेजारी.

"आणि नाही आली तर कुठे?"

"ते ठरलं की कळवीन," ती म्हणाली.

त्याला आज सात आठवडे होतात. त्याच्या देशातल्या बातम्या मी भाषांतर करून रोज वाचतो. एक दिवस परवानगी मिळणार असते, दुसऱ्या दिवशी मिळणार नसते. त्याच्या खोलीतलं शेल्फ आम्ही अजून हलवलेलं नाही. त्यावर काचेच्या लहान बाटल्या आहेत, तो जिथे जिथे राहिला तिथली चिमूटभर माती आणि प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात जागेचं नाव. आमच्या पार्किंगच्या कडेची माती आहे. नागपूरची पण आहे, मी सुट्टीवरून आणून दिलेली, आमच्या कॉलनीच्या नावासकट. त्याच्या देशाची नाही. अनिकेत तिकडे फारसा जात नाही. मी जातो, बाटल्यांवरची धूळ पुसतो, आणि फोन बघतो. परवा मला राहवलं नाही. मीच त्याच्या आईला मेसेज लिहायला घेतला. तुम्ही कशा आहात, असं लिहिलं आणि पुसलं. इथे आता सगळं हिरवं झालंय, असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, निको आता कुठे आहे?